राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी : वाटचाल आणि वाटेत राहिलेले सोबती

डिसेंबर 1975 मध्ये आमचा कोर्स खडकवासल्याहून बाहेर पडला. त्याला 50 वर्षे झाली म्हणून ही स्मरणिका निघते आहे आणि तिच्यात प्रबोधिनीचा इतिहास असलाच पाहिजे असे संपादक मंडळाचे म्हणणे पडले. काम माझ्याकडे आले. प्रबोधिनीवर जाडजूड सचित्र पुस्तके निघालेली आहेत. इमारतींचे फोटो आणि कमांडंटांची यादी त्यांत मिळेल. ती नक्कल इथे उतरवण्यात हशील नाही. हा इतिहास मी एकाच बाजूने सांगणार आहे. आपल्यातून गेलेल्यांना ही संस्था कसे लक्षात ठेवत आली, ती ही बाजू. आमच्या कोर्सच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे आणि माझ्या समजुतीप्रमाणे संस्थेच्या दृष्टीनेही.

1941 ते 1949 : स्मारक आधी, संस्था नंतर

प्रबोधिनीची पायाभरणी 1949 मधली असली तरी तिच्यासाठीचा पहिला पैसा 1941 मध्येच आलेला होता आणि तो मृतांच्या नावाने आला होता. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतून इटालियन फौजा हुसकावण्याच्या मोहिमेत चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन लढली. केरेनच्या उभ्या डोंगरांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. सुदानच्या सरहद्दीपलीकडच्या रस्त्यावर बॉम्बे सॅपर्सच्या कंपनीतल्या सेकंड लेफ्टनंट प्रेमींद्रसिंग भगत यांनी सलग चार दिवस सुरुंग काढले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. बॉम्बे सॅपर्सचे घर म्हणजे आपली खडकी. या मोहिमेत पडलेल्या भारतीय जवानांचे स्मारक व्हावे म्हणून सुदानच्या सरकारने व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्याकडे 1 लाख पौंड दिले. फाळणीत त्या रकमेचीही वाटणी झाली आणि भारताच्या वाट्याला 70 हजार पौंड आले.

युद्ध संपता संपता फील्ड मार्शल ऑकिन्लेक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांनी सुरुवातीची वर्षे एकाच छताखाली शिकावे, अशी शिफारस तिने डिसेंबर 1946 च्या अहवालात केली. नमुना अमेरिकेच्या वेस्ट पॉइंटचा होता, पण तिथे फक्त भूदलाचे अधिकारी घडत. तिन्ही दलांचे विद्यार्थी पहिल्या दिवसापासून एकत्र ठेवणे ही त्या काळी जगावेगळीच गोष्ट होती.

स्वातंत्र्यानंतर सेनाप्रमुखांच्या समितीने शिफारस उचलून धरली. जागा ठरेपर्यंत थांबायचे नाही असे ठरले आणि 1 जानेवारी 1949 रोजी देहरादूनच्या क्लेमेंट टाउनमध्ये जॉइंट सर्व्हिसेस विंगचे वर्ग सुरू झाले. जागेसाठी प्रांताप्रांतांत चढाओढ झाली. ती कोणी कशी लढवली हे इथे उगाळण्याचे कारण नाही. मुंबई सरकारने सर्वांत जास्त जमीन देऊ केली, शेजारी खडकवासल्याचा तलाव, लोहगावचा विमानतळ जवळपासच, समुद्र फार लांब नाही आणि हवा पुण्याची. तलावाच्या उत्तर काठावर महायुद्धात समुद्रकिनाऱ्यावर सैन्य उतरवण्याचा सराव चालत असे, त्यामुळे जागेला लष्करी वळण आधीच होते. 6 ऑक्टोबर 1949 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली.

1950 ते 1959 : माळावरची वस्ती

ही वर्षे बांधकामाची. साधारण सात हजार एकरांचा माळ, समोर सिंहगड, मागे डोंगर, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा. 7 डिसेंबर 1954 रोजी प्रबोधिनी खडकवासल्याला रीतसर सुरू झाली आणि 16 जानेवारी 1955 रोजी तिचे उद्घाटन झाले. मेजर जनरल इनायत हबीबुल्ला हे इथले पहिले कमांडंट. आज ज्या सभागृहात कॅडेट व्याख्याने ऐकतात आणि मागच्या रांगेत डुलक्याही घेतात, ते त्यांच्याच नावाचे आहे. पण त्या पहिल्या वर्षांचे श्रेय एकट्या कमांडंटांचे नव्हे. अधिकारी, प्राध्यापक, गवंडी, मेसचे आचारी, घोड्यांचे मोतद्दार आणि देहरादूनहून बाडबिस्तरा घेऊन आलेले कॅडेट या सगळ्यांनी मिळून ही वस्ती वसवली. आसपासच्या गावांचा वाटाही विसरता येणार नाही. त्यांची शेते आणि कुरणे या कुंपणाच्या आत गेली आणि पुढे त्याच गावांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या इथे कामाला आली.

सुदानचा पैसा शेवटी या माळावर उभा राहिला. काळा बसाल्ट आणि जोधपूरचा तांबडा दगड, कमानी, लांब व्हरांडे आणि माथ्यावर घुमट अशी तीन मजली इमारत. सुदानचे राजदूत रहमतुल्ला अब्दुल्ला यांनी 30 मे 1959 रोजी तिचे उद्घाटन केले. नाव अर्थातच सुदान ब्लॉक. परेडच्या फोटोत मागे दिसणारा घुमट तो हाच. एखाद्या शिक्षणसंस्थेची मुख्य इमारत म्हणजे दूरच्या देशाने परक्या सैनिकांच्या आठवणीसाठी दिलेली रक्कम, अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

याच सुरुवातीच्या काळात कॅडेटांनी श्रमदान करून आपल्या हातांनी दगडाची एक छोटी वास्तू उभी केली. तिचे नाव हट ऑफ रिमेंबरन्स. कर्तव्य बजावताना गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे तिथे कोरायची, असा बेत होता. अठरा-एकोणीस वर्षांची मुले स्वतःच्या नावासाठी जागा बांधून ठेवत होती, हे त्या मुलांना कळत होते का? मला वाटते, कळत होते. म्हणूनच वास्तू लहान आणि साधी ठेवली.

1960 ते 1969 : पहिली नावे

जुलै 1961 मध्ये पानशेत फुटले. वर धरणावर लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते, पण धरण टिकले नाही आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचा बांधही नेला. पुण्याचे काय झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको. प्रबोधिनीच्या दारातला तलाव रिता झाला आणि तो पुन्हा भरायला काळ लागला.

त्याच वर्षी 5 डिसेंबरला काँगोत एलिझाबेथव्हिलजवळ कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया पडले. प्रबोधिनीच्या नवव्या कोर्सचे, पहिल्या गुरखा रायफल्सच्या तिसऱ्या पलटणीचे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत असताना त्यांनी 16 गुरख्यांनिशी सुमारे 90 जणांच्या तुकडीवर चढाई केली होती. परमवीरचक्र मिळवणारे ते प्रबोधिनीचे पहिले विद्यार्थी. पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध झाले आणि 1965 मध्ये पाकिस्तानशी. पहिल्या कोर्सची मुले तोवर कॅप्टन आणि मेजर झाली होती, म्हणजे लढाईत पुढे असणाऱ्या हुद्द्यांवर. भिंतीवरची नावे या दशकात भराभर वाढली.

1970 ते 1979 : आमचे दिवस

हे दशक मी जरा सविस्तर लिहिणार आहे आणि त्याबद्दल इतर दशकांनी रागावू नये.

आम्ही जानेवारी 1973 मध्ये आलो तेव्हा बांगलादेश युद्धाला जेमतेम वर्ष झाले होते. सुदान ब्लॉकमध्ये परमवीरचक्र आणि अशोकचक्र मिळवलेल्या माजी विद्यार्थ्यांची चित्रे असतात, त्यांत अरुण खेत्रपाल यांचे नाव नव्याने आले होते. 38वा कोर्स, फॉक्सट्रॉट स्क्वाड्रन. जून 1971 मध्ये पूना हॉर्समध्ये अधिकारी झाले आणि 16 डिसेंबरला बसंतरच्या लढाईत ‘फामागुस्ता’ नावाच्या आपल्या सेंच्युरियन रणगाड्यात गेले. वय 21. या रेजिमेंटची स्थापना 1817 मध्ये पुण्यातली. खेत्रपाल यांना कॅडेट म्हणून पाहिलेली शेवटची टर्म आम्ही येण्याच्या महिनाभर आधीच बाहेर पडली होती. मेसमधले वाढपी आणि ड्रिलचे उस्ताद मात्र तेच होते. आम्हाला खेत्रपाल कळले ते या माणसांकडून. चित्रातला वीर वेगळा, आणि वाढप्याच्या तोंडून ऐकलेला, दुसऱ्यांदा पुडिंग मागणारा पोरगा वेगळा. आज परेड मैदानाला त्यांचे नाव आहे.

दिनक्रम आजच्यासारखाच होता. पहाटे पीटी, मग ड्रिल, मग सायकली घेऊन रांगेत वर्गावर. चूक झाली की तीच सायकल डोक्यावर घेऊन पळायचे. रगडा, पट्टी परेड, बजरी ऑर्डर हे शब्द या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही आणि त्यांच्या घरच्यांना समजावून सांगण्यात शहाणपण नाही. मोठा गुन्हा असला तर रविवारी सिंहगड. गडावर तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, एवढे पंजाब आणि केरळच्या मुलांना आमच्याआधी पाठ झाले, कारण त्यांच्या फेऱ्या जास्त झाल्या! रविवारी लिबर्टी मिळाली की पुण्यात जाऊन कयानीची बिस्किटे आणायची, ती शनिवारपर्यंत पुरवायची असा निर्धार करायचा आणि सोमवारी डबा रिकामा. दोन हजारांहून जास्त माणसे एका वेळी जेवतील असा मेस, आणि तिथे पोट भरूनही भूक कायम. सत्तरच्या दशकातच इथल्या अभ्यासक्रमाला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळू लागली. त्यामुळे घरी सांगायला एक बरे उत्तर मिळाले.

आमच्या स्क्वाड्रनमध्ये आम्ही दोघे मराठी. मी सोलापूरचा आणि तो रत्नागिरीकडचा. त्याचे नाव इथे लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना ते आवडणार नाही. खडकवासल्याला पोहायला येणे सक्तीचे आहे आणि दहा मीटरच्या फळीवरून उडी मारणेही. सोलापूरच्या पोराने एवढे पाणी एका जागी कधी पाहिलेले नसते. मी फळीच्या टोकाला उभा, खाली उस्ताद हिंदीत दम भरतोय, मागची रांग इंग्रजीत शिव्या देतेय. तेवढ्यात पाण्यातून मराठी आली, “खाली कशाला बघतोस? समोर बघ आणि सोड पाय. मी हाय हितं.” तो विहिरीत पोहायला शिकलेला, पाण्यात सरड्यासारखा स्थिर राहायचा. मी उडी मारली. वर आलो तेव्हा त्याने माझी गचांडी धरून कडेला नेऊन सोडले आणि म्हणाला, “आता गणिताचं तू बघायचं.” तीन वर्षे मी त्याचे गणित बघितले आणि त्याने माझे पाणी. कोर्समेट म्हणजे काय, हे विचारणाऱ्यांना मी हाच व्यवहार सांगतो.

तो अबोल होता, पण नकला फर्मास करायचा. ॲडज्युटंटची घोड्यावरची ऐट तो झाडू घेऊन करून दाखवी. त्याच्या ट्रंकेत आईने दिलेली फणसपोळी असे आणि तिच्यावर स्क्वाड्रनमधल्या शीख मुलांचा डोळा असे. कॅम्प तोरणाच्या वेळी रात्री वाट चुकली तेव्हा नकाशा बाजूला ठेवून ओढ्याच्या आवाजावरून त्याने आम्हाला खाली आणले. परीक्षकांना हे आवडले नाही, पण वेळेत पोहोचलेली तुकडी आमचीच होती. पासिंग आउट परेडला त्याचे वडील धोतर, काळी टोपी अशा वेशात आले होते. मुलगा अंतिम पग ओलांडून गेल्यावर त्यांनी टोपी सरळ केली आणि मला विचारले, “आता ह्याला पगार किती?”

आमच्या मागोमाग 1976 मध्ये 56वा कोर्स आला. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

1980 ते 1989 : आकाश आणि बर्फ

3 एप्रिल 1984 रोजी राकेश शर्मा अवकाशात गेले. ते प्रबोधिनीचेच. पुढच्या दहा दिवसांत, 13 एप्रिलला, ऑपरेशन मेघदूत सुरू झाले आणि सैन्य सियाचेनवर चढले. त्या वेळी आमच्या वयाचे लोक कंपनी कमांडर होत होते. सियाचेनवर शत्रूपेक्षा थंडी, हिमस्खलन आणि विरळ हवा यांनी माणसे जास्त नेली. आमच्या कोर्सची काही नावे तिथलीच आहेत. माझा रत्नागिरीचा मित्रही तिथलाच. मेजर होता. हिमकडा कोसळला तेव्हा तो आपल्या जवानांच्या दोरीला बांधलेला होता. ज्याला कोणत्याही पाण्यात काही होत नसे, तो गोठलेल्या पाण्याखाली गेला.

बातमी मला पठाणकोटला कळली, पत्राने. त्या काळी कोर्समेटची बातमी अशीच फिरायची: कोणीतरी कोणाला लिहायचे, तो पुढच्याला. नंतर आमच्या कोर्सने निधी काढला. त्याचा विनियोग कसा करावा याबद्दल सुरुवातीला दोन मते होती, पण सर्वांच्या सहकार्याने तो प्रश्न मार्गी लागला आणि गेलेल्या सोबत्यांच्या मुलांची शिक्षणे त्यातून झाली. इतर कोर्सांनीही आपापल्या परीने हेच केले. याचे श्रेय कोणा एकाचे नाही. दर महिन्याला पोस्टात जाऊन मनीऑर्डर करणाऱ्या हातांची यादी फार मोठी आहे.

1990 ते 1999 : पहिला कोर्स शिखरावर, 90वा कोर्स कारगिलमध्ये

1991 मध्ये तिन्ही दलांचे प्रमुख एकाच कोर्सचे, आणि तोही पहिला कोर्स, असा योग आला. भूदलाचे जनरल सुनीत रॉड्रिग्ज, नौदलाचे ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास आणि हवाई दलाचे एअर चीफ मार्शल निर्मलचंद्र सूरी. क्लेमेंट टाउनला एकत्र शिकलेली मुले चाळीस वर्षांनी दिल्लीत एका टेबलाशी बसली. ऑकिन्लेक समितीने कागदावर मांडलेली कल्पना बरोबर होती, याचा याहून चांगला पुरावा नाही. रॉड्रिग्ज यांचे घराणे गोव्याचे आणि रामदास निवृत्तीनंतर अलिबागजवळ राहिले, ही आपल्याकडची जवळीक.

मग 1999 चा उन्हाळा आला. 27 मे रोजी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा, प्रबोधिनीचेच, आपल्या पडलेल्या सहकारी वैमानिकाचा शोध घेत असताना मिग-21 सह गेले. 3 जुलैला खालूबारवर लेफ्टनंट मनोजकुमार पांडे पडले. 90वा कोर्स, माइक स्क्वाड्रन, 11व्या गुरखा रायफल्सची पहिली पलटण, वय 24. परमवीरचक्र. चार दिवसांनी, 7 जुलैला, 17 जाटचे कॅप्टन अनुज नय्यर टायगर हिलच्या बाजूच्या शिखरावर पडले. महावीरचक्र. तेही 90व्या कोर्सचे, एको स्क्वाड्रनचे, आणि जून 1997 मध्येच अधिकारी झालेले. दोघे एकाच मेसमध्ये तीन वर्षे जेवले, एकाच मैदानावर रगडले गेले आणि अधिकारी होऊन दोन वर्षे उलटतात न उलटतात तोच गेले. त्यांच्या कोर्समेटांना चार दिवसांत दोनदा बातमी आली. सलारिया, खेत्रपाल, पांडे हे प्रबोधिनीचे तीन परमवीर.

2000 ते 2019 : मुंबई आणि पुन्हा एक कोर्स

28 नोव्हेंबर 2008. मुंबईच्या ताज हॉटेलमध्ये दहशतवाद्यांशी लढताना मेजर संदीप उन्नीकृष्णन पडले. ऑस्कर स्क्वाड्रन, 94वा कोर्स, मूळ पलटण 7 बिहार, त्या वेळी राष्ट्रीय सुरक्षा दलात. मरणोत्तर अशोकचक्र. सरहद्दीवर गेलेल्या माणसाची बातमी पेपरात येते, पण हा प्रसंग महाराष्ट्राने दूरदर्शनवर प्रत्यक्ष पाहिला. त्यानंतर प्रबोधिनीत येणाऱ्या मराठी मुलांना मुलाखतीत प्रेरणा विचारली की बरेच जण त्यांचे नाव घेत, असे निवड मंडळावर काम केलेले मित्र सांगतात.

31 डिसेंबर 2019 रोजी पुण्याचे जनरल मनोज नरवणे भूदलप्रमुख झाले तेव्हा नौदलाचे ॲडमिरल करमबीर सिंग आणि हवाई दलाचे एअर चीफ मार्शल राकेशकुमार सिंग भदौरिया हे दोघेही त्यांच्याच, 56व्या कोर्सचे होते. पहिल्या कोर्सनंतर पुन्हा हा योग. आमच्या मागोमाग आलेली ती पोरे. आमच्या कोर्सने हे मोठ्या मनाने स्वीकारले आहे.

2020 पासून आजवर

18 ऑगस्ट 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलींना प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेला बसू देण्याचा आदेश दिला. 2022 मध्ये 148व्या कोर्सबरोबर मुलींची पहिली तुकडी आली आणि 30 मे 2025 रोजी 17 मुली बाहेर पडल्या. आमच्या पिढीतल्या काही ज्येष्ठांच्या मनात आधी थोडी चलबिचल होती. परेडच्या दिवशी मी त्यांच्यातल्या दोघांच्या शेजारी बसलो होतो आणि ते दोघेही उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याच उन्हाळ्यात शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात गेले. राकेश शर्मांनंतर 41 वर्षांनी गेलेला हा दुसरा भारतीय, तोही इथलाच.

आज प्रबोधिनीत अभ्यासक्रम तीन वर्षांचा, सहा टर्मांचा आहे. मित्रदेशांचे कॅडेटही इथे शिकतात. मोरांची खाडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पीकॉक बेमध्ये शिडाच्या बोटी चालतात, ग्लायडर उडतात, घोडे आहेत, आणि आता संगणकाच्या प्रयोगशाळा आमच्या वेळच्या वर्गांपेक्षा मोठ्या आहेत. बाहेर पडणारा कोर्स जाण्याआधी हटमध्ये जाऊन पुष्पचक्र वाहतो. पंचवीस आणि पन्नास वर्षांनी परत येणारे कोर्सही आधी तिथे जातात आणि मग मेसमध्ये. आम्हीही तसेच करू. वीरपत्नींना आणि मुलांना आमच्या बरोबर बोलावले आहे. रत्नागिरीहून माझ्या मित्राची मुलगी येते आहे. ती पेशाने शिक्षिका आहे आणि गणित शिकवते.

एक विनंती. हटमधल्या भिंतीवर फक्त नावे आहेत, आणि तेवढेच असणे योग्य आहे. पण त्या नावांना ओळखणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. कोर्सच्या सर्व बांधवांनी आपल्या गेलेल्या एका तरी सोबत्याबद्दल दोन पाने लिहून, जुना फोटो किंवा पत्र असल्यास त्याची प्रत जोडून, स्मरणिकेच्या संपादकांकडे पाठवावीत. लढाईचे वर्णन नको, ते पदकांच्या प्रशस्तिपत्रात आहे. तो काय खायचा, कोणाच्या नकला करायचा, कुठल्या विषयात नापास व्हायचा ते लिहा. मराठी, हिंदी, इंग्रजी कोणत्याही भाषेत चालेल. आलेले सर्व लेखन एकत्र करून त्याची एक प्रत प्रबोधिनीच्या ग्रंथालयाला आणि एकेक प्रत त्या त्या घरी देण्याचे आमच्या कोर्सने ठरवले आहे.